कॉलेज ग्रंथपालांचे कॅस : ओरिएंटेशन, वर्कशॉप आणि मूक (खुला ऑनलाइन कोर्स) कोणत्या क्रमाने करावे

कॅसची (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे सेवेत वरची श्रेणी देणारी योजना) फाइल परत येते तेव्हा ग्रंथपालाने प्रशिक्षण घेतलेलेच नसते असे फारसे होत नाही. उलट प्रमाणपत्रांचा गठ्ठा असतो आणि त्यातली निम्मी उपयोगाची नसतात. कुठले तीन दिवसांचे, कुठले ड्यू डेटनंतरचे (वरच्या श्रेणीला पात्र होण्याच्या तारखेनंतरचे), तर कुठल्याच्या विषयाचा ग्रंथालयाशी संबंधच नाही. चूक होते ती सुरुवातीला. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले माहितीपत्रक बघून नाव नोंदवतात आणि नियम शेवटी उघडतात. हा लेख उलट्या बाजूने चालतो. आधी तारीख, मग नियम, मग कोर्स.

इथे यूजीसीचे १८ जुलै २०१८ चे विनियम आणि ते राज्यात लागू करणारा ८ मार्च २०१९ चा शासन निर्णय धरला आहे. यूजीसीने जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यामुळे तुमच्या ड्यू डेटला कोणते विनियम लागू आहेत, हे विद्यापीठाच्या ताज्या परिपत्रकात एकदा बघून घ्या आणि मगच पुढे जा. सार्वजनिक ग्रंथालयांतल्या सेवकांचे नियम वेगळे आहेत. ते या लेखात नाहीत.

## १. ड्यू डेट कागदावर मांडा

एक कोरा कागद घ्या. वर नियुक्तीची तारीख लिहा. विद्यापीठाच्या मान्यतेची तारीख वेगळी असेल तर तीही लिहा. वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षे, एम.फिल. असेल तर ५ आणि दोन्ही नसेल तर ६ वर्षे लागतात. ११ वरून १२ साठी ५ वर्षे आणि १२ वरून १३-ए साठी ३ वर्षे.

समजा, नेट किंवा सेट झालेला एक ग्रंथपाल १६ ऑगस्ट २०२१ ला रुजू झाला, पीएच.डी. नाही. त्याची ड्यू डेट १६ ऑगस्ट २०२७. अर्ज ड्यू डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत करता येतो, म्हणजे त्याची फाइल मे २०२७ मध्ये तयार हवी. फाइल मे महिन्यात तयार हवी असेल, तर शेवटचे प्रशिक्षण डिसेंबर २०२६ पर्यंत उरकलेले बरे. कार्यक्रम पुढे ढकलले जातात, जागा भरतात, प्रमाणपत्र उशिरा येते. एवढी मोकळीक ठेवावीच लागते.

एखादी अट ड्यू डेटनंतर पूर्ण झाली तर स्थाननिश्चिती (वरची श्रेणी) त्या नंतरच्या तारखेपासून मिळते. वरच्या उदाहरणात ओरिएंटेशन नोव्हेंबर २०२७ मध्ये संपले, तर तीन महिने गेलेच. शिवाय पुढच्या प्रत्येक टप्प्याची ड्यू डेटही तेवढीच लांबते.

तपासा : सेवापुस्तकातली रुजू तारीख आणि मान्यतापत्रातली तारीख जुळते का? आधीची सेवा धरायची असेल तर ती धरल्याचे पत्र हातात आहे का? हा गुंता सुटल्याशिवाय कोर्स निवडू नका, कारण मूल्यमापनाचा काळच ठरलेला नसतो.

## २. कोणत्या टप्प्याला काय लागते

लेव्हल १० ते ११ : दोन गोष्टी, दोन्ही हव्यात. एक, २१ दिवसांचे ओरिएंटेशन. दोन, ग्रंथालयाचे संगणकीकरण, डिजिटायझेशन, देखभाल आणि संबंधित कामांवरचे किमान ५ दिवसांचे प्रशिक्षण, परिसंवाद किंवा कार्यशाळा.

लेव्हल ११ ते १२ : त्या ५ वर्षांत दिलेल्या पर्यायांपैकी कोणतेही दोन. संगणकीकरण-डिजिटायझेशनवरचा आणि देखभाल व विनियमांतल्या तक्ता ४ (ग्रंथपालाच्या वार्षिक मूल्यमापनाचा तक्ता) मधल्या इतर कामांवरचा कार्यक्रम, मुदत किमान दोन आठवडे (१० दिवस). आपल्या विषयातला एक मूक, ई-प्रमाणपत्रासह, केलेला किंवा तयार केलेला. आणि लायब्ररी अपग्रेडेशन कोर्स. दोन आठवड्यांच्या एका कार्यक्रमाऐवजी एकेक आठवड्याचे (५ दिवसांचे) दोन चालतात.

लेव्हल १२ ते १३-ए : त्या ३ वर्षांत याच प्रकारांपैकी एक.

सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या टप्प्यावर होतो. प्राध्यापक मित्र सांगतात, "ओरिएंटेशन आणि एक रिफ्रेशर केलं की झालं." त्यांचे होते, तुमचे होईलच असे नाही. ग्रंथपालाच्या अटीत संगणकीकरण आणि देखभाल हे शब्द आहेत. एखादा आंतरविद्याशाखीय रिफ्रेशर दोन आठवड्यांचा असला, तरी त्याच्या वेळापत्रकात ग्रंथालयाचे नावही नसेल तर समितीपुढे तुम्हाला बाजू मांडत बसावे लागेल.

सावधान : मालवीय मिशनच्या केंद्रांतून (विद्यापीठांतली शिक्षक प्रशिक्षण केंद्रे, टप्पा ३ बघा) नव्या शैक्षणिक धोरणावरचे छोटे ऑनलाइन कार्यक्रम होतात. ते जरूर करा, पण तेच २१ दिवसांच्या ओरिएंटेशनच्या जागी चालेल असे गृहीत धरू नका. कुणी चालेल म्हणाले तर त्याचे परिपत्रक मागा.

## ३. माहितीपत्रक पाच प्रश्नांनी वाचा

ओरिएंटेशनसाठी पूर्वी एचआरडीसी (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर) म्हणत त्या केंद्रांकडे बघा. २०२३ पासून त्यांचे नाव मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर झाले आहे. मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत आणि गोवा विद्यापीठात अशी केंद्रे आहेत. ग्रंथालयाच्या कामावरच्या प्रशिक्षणासाठी गांधीनगरचे इन्फ्लिबनेट (यूजीसीचे ग्रंथालय जाळ्याचे केंद्र), विद्यापीठांचे ग्रंथालयशास्त्र विभाग आणि मोठ्या संस्थांची ग्रंथालये यांच्यावर लक्ष ठेवा. नाव नोंदवण्याआधी माहितीपत्रकाला हे प्रश्न विचारा :

१. पहिला आणि शेवटचा दिवस कोणता? दोन्ही दिवस माझ्या मूल्यमापनाच्या काळात येतात का?

२. दिवस सलग आहेत की 'पाच शनिवार'? रोज किती तास? रोज संध्याकाळी एक तास असे पाच दिवस म्हणजे कागदावर पाच दिवस होतात. समितीतला एखादा सदस्य वेळापत्रक मागतो आणि गाडी तिथे अडते.

३. शीर्षकात आणि वेळापत्रकात तक्ता ४ मधले काम दिसते का? कोहा, सोल, डीस्पेस ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर, संस्थात्मक भांडार, साठा पडताळणी, दुर्मीळ ग्रंथांचे जतन, डिजिटायझेशन असा स्पष्ट उल्लेख असेल तर उत्तम. 'एकविसाव्या शतकातील ग्रंथालये : आव्हाने आणि संधी' असले शीर्षक कशातच नीट बसत नाही.

४. प्रमाणपत्रावर सही कुणाची? विद्यापीठाचा विभाग, मान्यताप्राप्त संस्था किंवा केंद्राचे संचालक असावेत. फक्त एखाद्या खासगी अकादमीचा शिक्का असेल तर लांबच राहा.

५. चाचणी, हजेरी किंवा प्रकल्प आहे का? असेल तर कोर्स कठीण जाईल, पण फाइलमध्ये त्याला वजन असते.

२०२० च्या टाळेबंदीत दहा प्रश्नांची क्विझ सोडवली की रंगीत प्रमाणपत्र मेलवर, असा प्रकार बोकाळला होता. अनेकांच्या फाइलींत अशी तीस-चाळीस प्रमाणपत्रे अजून आहेत. ती काढून टाका. गर्दीत चांगले प्रमाणपत्र हरवते आणि समितीचा वेळ जातो.

## ४. परवानगी आधी, नोंदणी नंतर

क्रम असा ठेवा : प्राचार्यांना अर्ज, लेखी परवानगी, संस्थेचे शिफारसपत्र, मग नोंदणी. शेवटची तारीख जवळ आहे म्हणून आधी नोंदणी करून परवानगी नंतर घेतली, तर परवानगीपत्राची तारीख कार्यक्रमानंतरची पडते. फाइलमध्ये ते वाईट दिसते आणि ड्यूटी लीव्हचा प्रश्न वेगळाच. ओरिएंटेशन, रिफ्रेशर, परिसंवाद अशा कामांसाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत ड्यूटी लीव्ह देता येते. ती मिळावी असे अर्जात स्पष्ट मागा, 'परवानगी मिळावी' एवढेच लिहून थांबू नका.

कॉलेजला एकच ग्रंथपाल असतो, ही खरी अडचण. २१ दिवस काउंटर कोण सांभाळणार, हे अर्जातच लिहून दिले की प्राचार्यांची सही लवकर होते. जून-जुलैचे प्रवेश, विद्यापीठ परीक्षेचे आठवडे, मार्चअखेरची बिले हे दिवस टाळा. ऑनलाइन कार्यक्रम असला तरी रजा घ्या. कॅमेरा सुरू ठेवून एकीकडे पुस्तके देवघेव करणाऱ्याला दोन्ही कामे धड जमत नाहीत, आणि त्या दिवसांच्या हजेरीपटावर काय लिहायचे हा वाद उरतोच.

तपासा : परवानगी, रजामंजुरी, कार्यमुक्ती आणि परत रुजू झाल्याचे पत्र. चारही कागदांवर जावक किंवा आवक क्रमांक हवा.

## ५. रिकाम्या हाताने जाऊ नका

हा टप्पा नियमांत नाही, म्हणून सगळे गाळतात. कोहाच्या कार्यशाळेत आयोजक नमुन्याची इंग्रजी पुस्तके देतात. ती सगळी छान भरली जातात. घरी येऊन आपला मराठी साठा टाकायला बसले की तिसऱ्या पुस्तकाला अडते. तेव्हा शिकवणारा समोर नसतो.

म्हणून आपल्या दाखल नोंदवहीतल्या पन्नास नोंदी सोबत न्या. निवडून न्या : दहा मराठी कादंबऱ्या, पाच बहुखंडी ग्रंथ, पाच संपादित ग्रंथ, दोन-तीन नियतकालिकांचे बांधीव खंड, आयएसबीएन नसलेली जुनी पुस्तके, एखादा प्रबंध. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर तीही न्या. ती युनिकोडमध्ये आणायची पद्धत तिथेच विचारून घ्या, कारण फॉन्ट बदलून ती युनिकोड होत नाही. तिचे रूपांतर करावे लागते.

आणि एक गोष्ट तिथेच करून बघा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कोऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे टंकित होतो. नुक्ता असलेला ऱ वापरून एक, आणि साधा र, हलन्त व एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून दुसरा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण एकाने नोंद एका प्रकारे केली आणि वाचकाने शोध दुसऱ्या प्रकारे घेतला, तर पुस्तक कपाटात असून ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची शोधसूची) 'सापडले नाही' म्हणतो. 'ॲ'चेही तसेच. एकच अक्षर म्हणून टाकलेला ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ संगणकाला वेगळे वाटतात. कार्यशाळेत दोन नोंदी मुद्दाम दोन प्रकारे करा, शोधून बघा, आणि ग्रंथालयात कोणता एकच प्रकार वापरायचा ते ठरवून या. नोंदी करणाऱ्या सगळ्यांना तो लेखी द्या. नंतर वीस हजार नोंदी दुरुस्त करण्यापेक्षा हे फार स्वस्त पडते.

मार्कची (पुस्तकाची नोंद संगणकात करायचा ठरलेला साचा) क्षेत्रे पाठ करायची गरज नाही, पण ०२० (आयएसबीएन), ०८२ (ड्यूई वर्गांक), १०० (लेखक), २४५ (शीर्षक), ६५० (विषय) आणि ७०० (सहलेखक, संपादक, अनुवादक) ही डोळे मिटून भरता आली पाहिजेत. अनुवादित पुस्तकात अनुवादकाला १०० मध्ये टाकणे ही सर्रास दिसणारी चूक. मूळ लेखक १०० मध्ये, अनुवादक ७०० मध्ये.

## ६. मूक : नोंदणी म्हणजे परीक्षा नव्हे

'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर कोर्सला नाव नोंदवणे फुकट असते. तिथेच बहुतेकांची फसगत होते. नोंदणी झाली, व्हिडिओ पाहिले, असाइनमेंट दिल्या, आणि शेवटी प्रमाणपत्र नाही, कारण परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा असतो, त्याची फी वेगळी असते आणि त्याची मुदत उलटून गेलेली असते. विनियमात शब्द 'ई-प्रमाणपत्रासह' असे आहेत. पाहिलेल्या व्हिडिओंचा हिशेब तिथे चालत नाही.

क्रम असा : जानेवारी किंवा जुलैच्या सत्रात नोंदणी. पहिल्याच आठवड्यात असाइनमेंटच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. परीक्षेचा अर्ज उघडला की त्याच दिवशी भरा, शहर निवडा, फी भरा आणि पावती जपा. स्वयंच्या नेहमीच्या कोर्सेसमध्ये असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के भार असतो आणि दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) प्रमाण वेगळे आहे. ते कोर्सच्या पानावर दिलेले असते.

सावधान : नाव सेवापुस्तकात आहे तसेच भरा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या ग्रंथपाल भगिनींनी तर खासच लक्ष द्यावे. प्रमाणपत्र एका नावाचे, सेवापुस्तक दुसऱ्या नावाचे, आणि राजपत्राची प्रत घरी, असे होऊ देऊ नका.

मूक करायचा तर ड्यू डेटच्या आधीच्या शेवटच्या सत्रात नको, त्याच्या आधीच्या सत्रात करा. परीक्षेत नापास झालात तर एक सत्र हाताशी राहते.

## ७. प्रमाणपत्र हातात पडल्याच्या दिवशी

कपाटात ठेवण्याआधी उभ्याउभ्याच वाचा. पूर्ण नाव, पद, कॉलेज, कार्यक्रमाचे नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दिवसांची संख्या, सही, शिक्का, क्रमांक. यातले काही चुकले असेल तर पहिल्या आठवड्यात आयोजक दुरुस्ती करून देतात. चार वर्षांनी समन्वयक निवृत्त झालेला असतो.

प्रमाणपत्राच्या मागे माहितीपत्रक आणि वेळापत्रक लावा. 'देखभाल आणि संबंधित कामे' यात कार्यक्रम बसतो की नाही, हे समिती प्रमाणपत्रावरून ठरवू शकत नाही. वेळापत्रकावरून ठरवते.

एक प्रमाणपत्र एकाच टप्प्याला. पहिल्या टप्प्याला वापरलेली कार्यशाळा दुसऱ्या टप्प्याला पुन्हा लावली की उरलेल्या फाइलकडेही संशयाने बघितले जाते.

## ८. तक्ता ४ : कोर्स झाले, फाइल तरी अडली

हा भाग ग्रंथपाल सगळ्यात कमी वाचतात. कोर्सच्या अटीबरोबर वार्षिक मूल्यमापनात 'समाधानकारक' किंवा 'चांगला' शेराही लागतो. ११ वरून १२ साठी शेवटच्या ५ पैकी किमान ४ वर्षे, १२ वरून १३-ए साठी ३ पैकी २ वर्षे. १० वरून ११ साठी मूल्यमापनाच्या काळातल्या एका वर्षाची सूट, म्हणजे ६ पैकी ५.

शेरा कसा मिळतो? ग्रंथालयातली उपस्थिती ९० टक्के किंवा अधिक असेल तर चांगला, ८० ते ९० समाधानकारक. त्याशिवाय इतर बाबींपैकी दोन लागतात, आणि त्या दोनांत एक सक्तीची आहे : साठा पडताळणी. पडताळणी केली आणि गहाळ पुस्तके ०.५ टक्क्यापेक्षा कमी तर चांगला. १ टक्क्यापेक्षा कमी तर समाधानकारक. पडताळणी केलीच नाही तर असमाधानकारक, मग तुम्ही दहा कार्यशाळा केलेल्या असोत.

वीस हजार पुस्तकांच्या ग्रंथालयात ०.५ टक्का म्हणजे १०० पुस्तके. आकडा ऐकून छातीत धस्स होते, पण पहिल्या मोजणीत गहाळ दिसणारी बरीच पुस्तके गहाळ नसतात. प्राध्यापकांकडे, विभागीय ग्रंथालयात, बाइंडिंगला, चुकीच्या कपाटात अशी ती असतात. म्हणून हा क्रम पाळा :

१. मोजणीआधी बाइंडिंग आणि विभागीय ग्रंथालयांची यादी अद्ययावत करा.

२. देवघेव थांबवून मे महिन्याच्या सुट्टीत कपाटानुसार बारकोड स्कॅन करा. कोहामध्ये बारकोडची फाइल चढवून साठ्याशी ताडून बघायची सोय आहे. बारकोड नसतील तर दाखल नोंदवहीवर टिकमार्क. जुनी पद्धतही चालते.

३. न सापडलेल्यांच्या यादीतून वाचकांकडे असलेली वजा करा. हे विसरल्याने टक्का उगाच फुगतो.

४. उरलेल्या यादीसाठी कपाटे दुसऱ्यांदा, दुसऱ्या माणसाकडून बघा.

५. अंतिम यादी ग्रंथालय समितीपुढे ठेवा, इतिवृत्तात आकडा आणि टक्का लिहून घ्या, सह्या घ्या.

हे इतिवृत्त दरवर्षीचे हवे. सहा वर्षांची इतिवृत्ते शेवटच्या महिन्यात एकाच शाईने लिहिलेली असली की कळते, आणि कळल्यावर काय होते ते सांगायला नको.

आता मागे वळून टप्पा ३ बघा. पाच दिवसांची कार्यशाळा निवडायची असेल तर बारकोड, साठा पडताळणी, अहवाल काढणे हे शिकवणारी निवडा. एकाच आठवड्यात कोर्सची अट पुरी होते आणि दरवर्षीच्या शेऱ्याचे सगळ्यात जड काम सोपे होते. संस्थात्मक भांडार, कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे नंतर शिकता येईल.

## ९. अर्ज

स्वमूल्यमापन दरवर्षी आयक्यूएसीकडून (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) तपासून घेतलेले असेल तर अर्ज भरणे दोन दिवसांचे काम. फाइलचा क्रम : नियुक्ती व मान्यता, वार्षिक मूल्यमापन वर्षानुसार, साठा पडताळणीची इतिवृत्ते, प्रशिक्षण (परवानगी, प्रमाणपत्र, वेळापत्रक असे एकत्र), मग बाकी सगळे. सुरुवातीला एक पानाचा तक्ता लावा : अट, ती कशाने पूर्ण झाली, कोणत्या तारखेला, फाइलचे पान. विद्यापीठाने पाठवलेला तज्ज्ञ असो की पुढे वेतननिश्चिती करणारे सहसंचालक कार्यालय असो, सगळ्यांचे बोट याच पानावर फिरते.

सावधान : एखादी अट अपुरी असताना 'बघू, काय होतंय' म्हणून अर्ज टाकू नका. अट थोडी उशिरा पूर्ण करून त्या तारखेला अर्ज केला, तर स्थाननिश्चिती त्या तारखेपासून मिळते, म्हणजे नुकसान दोन-चार महिन्यांचे. पण अर्ज करून मूल्यमापनात अपात्र ठरलात, तर पुन्हा मूल्यमापन वर्षानंतरच होते आणि यश मिळाले तरी तारीख धरली जाते नकाराच्या दिवसापासून एक वर्षाने. ओरिएंटेशनचे दहा दिवस उरले असतील तर ते दहा दिवस थांबा, प्रमाणपत्र लावा आणि मग फाइल आवक करा.